आजाऱ्याचा प्रथमपुरुष : ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ वाचताना

१

किशोरवयीन वाचकांसाठी म्हणून लिहिल्या गेलेल्या, लाखोंनी खपलेल्या आणि वर चित्रपटही निघालेल्या कादंबरीची दखल वाङ्मयीन संशोधनाच्या नियतकालिकाने घ्यावी काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. लोकप्रियतेविषयी आपल्या विद्यापीठीय समीक्षेने बाळगलेला संशय सर्वस्वी अनाठायी नाही. परंतु एखादी कलाकृती फार वाचली जाते, एवढ्या एका कारणास्तव तिने उपस्थित केलेला प्रश्न आपण नजरेआड करावा, हेही न्याय्य नव्हे. जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ (२०१२) ही कादंबरी मला अशा एका प्रश्नापाशी घेऊन गेली. आजारी मुलाची गोष्ट कोणी सांगावयाची, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखन ही त्या कादंबरीची साद्यंत समीक्षा नाही. ती वाचताना एका मराठी वाचकाच्या मनात जे उमटले त्याची ही नोंद आहे. हा वाचक अध्यापक होता, त्याचप्रमाणे एका आजारी मुलीचा थोरला भाऊही होता, हे आरंभीच सांगितलेले बरे. कारण पुढील विवेचनात या दोन भूमिका एकमेकींपासून अलग ठेवणे मला जमलेले नाही.

कथानक थोडक्यात असे : अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात राहणारी हेझल ग्रेस लँकेस्टर ही सोळा वर्षांची मुलगी या कादंबरीची निवेदक आहे. तेराव्या वर्षी तिला थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि तो फुप्फुसांपर्यंत पसरला. एका औषधाने गाठींची वाढ तूर्त रोखून धरली आहे. मात्र ऑक्सिजनचे नळकांडे सतत सोबत बाळगल्याशिवाय तिला श्वास घेता येत नाही. चर्चच्या तळघरात भरणाऱ्या रुग्ण-मुलांच्या बैठकीत तिला ऑगस्टस वॉटर्स भेटतो. हाडाच्या कर्करोगात त्याचा एक पाय गेला आहे. त्याच बैठकीला येणाऱ्या आयझॅक या मित्राचा एक डोळा कर्करोगाने आधीच नेलेला आहे आणि दुसराही जाणार आहे. हेझल आणि ऑगस्टस यांचे प्रेम जमते, एका लेखकाच्या शोधात दोघे ॲमस्टरडॅमला जातात, ऑगस्टसचा आजार उलटतो आणि अखेर तो जातो. हेझल मागे उरते. कथानक एवढेच आहे आणि ते असे एका परिच्छेदात सांगितले की, अश्रुपाताची सोय पाहणाऱ्या अनेक कथानकांपैकी एक वाटते. २०१३ च्या सुमारास ब्रिटिश वृत्तपत्रांतून अशा पुस्तकांना ‘सिक-लिट’ असे हेटाळणीचे नाव मिळाले, ते याच समजापोटी. माझे मत असे की या कादंबरीचे वेगळेपण कथानकात नाही. ते तिच्या निवेदनस्थानात आहे.

२

मराठी वाचकाला आजारी मूल अपरिचित नाही. आपल्या कथा-कादंबऱ्यांतून, चरित्रांतून, चित्रपटांतून ते पुष्कळदा भेटते. परंतु ते बहुधा दुसऱ्याच्या नजरेतून भेटते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकराची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. मराठी गद्यातील शोकाचे इतके उघडेवाघडे, सांत्वन नाकारणारे रूप क्वचितच अन्यत्र सापडेल. तरीही तो शोक पांडुरंगाचा आहे. मनी तेथे नसलेपणाने आहे. तिला आपल्या आजाराविषयी काय कळले होते, काय वाटले होते, हे कादंबरीच्या कक्षेत येत नाही. येण्याचे कारणही नाही, कारण ती कादंबरी पांडुरंगाची आहे.

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) हा चित्रपट माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला आहे. त्यातील परशुराम या लहान मुलाला डोळ्यांचा कर्करोग झाला आहे. प्राण वाचवावयाचे तर दोन्ही डोळे काढावे लागणार. शस्त्रक्रियेपूर्वी हे त्या मुलाला सांगितले पाहिजे. आणि ते सांगावयाचे कोणी, या पेचाभोवती चित्रपट उभा राहतो. आजोबांची जीभ उचलत नाही. अखेरीस ते नातवाला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि डोळे आहेत तोवर त्याला जग पाहू देतात. चित्रपट श्रेष्ठ दर्जाचा आहे, याविषयी दुमत नसावे. पण तोही मुख्यतः आजोबांच्या चेहऱ्यावर वाचावयाचा चित्रपट आहे.

या दोन कृतींची नावे त्या उण्या ठरवण्यासाठी घेतलेली नाहीत. आपल्या सांस्कृतिक व्यवहारातील एक धारणा त्यांतून स्पष्ट होते, म्हणून घेतली. आजार हा कुटुंबाला होतो, अशी ही धारणा आहे. रुग्ण हे त्या आपत्तीचे ठिकाण. सोसणारे, ठरवणारे, लपवणारे आणि पुढे आठवण सांगणारे सारे त्याच्या भोवतीचे. रुग्ण लहान असला तर हे अधिकच खरे. कर्करोगासारख्या आजाराचे नाव रुग्णासमोर उच्चारावयाचे नाही, ‘गाठ आहे’, ‘अशक्तपणा आहे’, ‘मोठे दुखणे आहे’ एवढ्यावर भागवावयाचे, ही रीत आपल्याकडील असंख्य घरांनी पाळली आहे आणि ती मायेपोटी पाळली आहे. या मायेचा आदर राखूनही विचारावे लागते की, तिने रुग्णाकडून नेमके काय काढून घेतले?

हेझलकडून कोणी काहीही लपवलेले नाही. आपल्या फुप्फुसांत काय चालले आहे, औषध किती दिवस साथ देईल, त्यानंतर काय होईल, हे तिला डॉक्टरांइतकेच ठाऊक आहे. त्यामुळे सर्वसाधारण ‘आजारकथे’तील मुख्य ताण, म्हणजे तिला कळेल काय आणि कळल्यावर काय होईल, हा येथे उद्भवतच नाही. तो ताण गळून पडल्यामुळे एक निराळेच क्षेत्र मोकळे होते. सर्व काही ठाऊक असलेली मुलगी दिवस कसा काढते? ती दूरदर्शनवरील टुकार मालिका पाहते, महाविद्यालयात एखादा वर्ग करते, आईच्या उत्साहाला कंटाळते, रुग्णांच्या बैठकीतील भाबड्या प्रवचनांची मनातल्या मनात टर उडवते. आजार हा तिचा विषय नसून तिची परिस्थिती आहे. हा फरक निवेदनाच्या प्रथमपुरुषामुळेच शक्य झाला आहे. तृतीयपुरुषी निवेदकाने हीच थट्टा केली असती तर ती क्रूर वाटली असती.

३

हेझलच्या मनाचा गाभा ज्या भीतीने व्यापलेला आहे, ती मरणाची भीती नाही, ही या कादंबरीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाटते. तिची भीती आपल्यामागे उरणाऱ्यांविषयीची आहे. ती स्वतःला हातबॉम्बची उपमा देते : आपण एक दिवस फुटणार, तेव्हा आसपास जितकी कमी माणसे असतील तितके बरे. याच कारणासाठी ती आरंभी ऑगस्टसला दूर ठेवू पाहते. पूर्वी एकदा अतिदक्षता विभागात ती मरणाच्या दारात असताना आईच्या तोंडून गेलेले उद्गार तिच्या कानी पडले होते. ही गेली की आपण आई उरणार नाही, अशा अर्थाचे ते उद्गार होते. तो सल तिने वर्षानुवर्षे मनात बाळगला आहे. आजारी मुलगी आई-वडिलांची काळजी वाहते आहे आणि आई-वडिलांना त्याची कल्पना नाही, अशी ही उलटी रचना आहे.

कादंबरीतील कादंबरीचा धागा येथेच जुळतो. ‘ॲन इम्पीरियल अफ्लिक्शन’ नावाचे, पीटर व्हॅन हाउटन या लेखकाचे एक (अर्थातच काल्पनिक) पुस्तक हेझलने पुनःपुन्हा वाचले आहे. रक्ताचा कर्करोग झालेल्या ॲना नावाच्या मुलीचे हे निवेदन एका वाक्याच्या मध्येच तुटते. ॲना मरण पावली असेल किंवा लिहिण्याच्या पलीकडे गेली असेल. आकृतिबंधाच्या दृष्टीने हा शेवट चोख आहे हे हेझलला पटते. तरीही तिला राहून राहून विचारावेसे वाटते की, पुढे ॲनाच्या आईचे काय झाले? आईला भेटलेला तो डच गृहस्थ खरा होता की भोंदू? ॲनाच्या पाळीव हॅमस्टरचे काय झाले? या उत्तरांसाठी ती ॲमस्टरडॅमपर्यंत जाते. मद्याच्या आहारी गेलेला व्हॅन हाउटन तिला फटकारून सांगतो की, कादंबरी संपली की पात्रे संपतात. त्यांना संहितेबाहेर आयुष्य नसते.

साहित्याच्या अध्यापकाला या प्रसंगी अस्वस्थ व्हावे लागते. कारण वर्गात आपण सारे जण व्हॅन हाउटनच्याच बाजूने बोलत आलो आहोत. कलाकृतीची स्वायत्तता, संहितेची बंदिस्त चौकट, पात्राविषयी संहितेबाहेरचे प्रश्न विचारण्यातील अडाणीपणा, हे सारे आपण विद्यार्थ्यांना मोठ्या आग्रहाने शिकवले. सिद्धान्त म्हणून ते चूक नाही. पण हेझलचा प्रश्न ॲनाच्या आईविषयीचा नाहीच. तो तिच्या स्वतःच्या आईविषयीचा आहे. माझे वाक्य मध्येच तुटेल, तेव्हा पुढच्या पानावर कोण कसे जगत असेल, हे तिला विचारावयाचे आहे आणि विचारावयाला एका कादंबरीखेरीज दुसरी जागा तिच्यापाशी नाही. वाचकाचा ‘अडाणी’ प्रश्न कधीकधी किती प्राणांतिक गरजेतून आलेला असतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मी अन्यत्र वाचलेले नाही. व्हॅन हाउटनचीही मुलगी लहानपणी अशाच आजाराने गेली होती, हे पुढे उलगडते, तेव्हा त्याची सैद्धान्तिक ताठरता ही एका बापाची पळवाट होती, हे ध्यानात येते.

याच ॲमस्टरडॅममध्ये हेझल आणि ऑगस्टस ॲन फ्रँक हिचे घर पाहावयास जातात. हेझल उभे जिने धापा टाकीत चढते आणि वर पोहोचल्यावर त्या दोघांचे पहिले चुंबन घडते. हा प्रसंग औचित्यभंग करणारा आहे, असा आक्षेप काही वाचकांनी घेतला आहे. तो आक्षेप मी समजू शकतो. वंशसंहाराची स्मृती जपणारी वास्तू दोन प्रेमिकांच्या प्रसंगाला पार्श्वभूमी म्हणून वापरणे धोक्याचेच आहे. मात्र त्या घराची निवड केवळ रोमांचासाठी झालेली नाही, असे माझे मत आहे. ॲन फ्रँकच्या रोजनिशीतील अखेरची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे. पुढे पाने नाहीत. वाक्याच्या मध्येच तुटणाऱ्या पुस्तकाचा शोध घेत आलेली मुलगी, खरोखरच मध्येच तुटलेल्या एका किशोरीच्या प्रथमपुरुषी निवेदनापाशी येऊन उभी राहते. तेथील ध्वनिचित्रफितीत ॲनचे वडील ऑटो फ्रँक सांगतात की, रोजनिशी वाचल्यावर आपली मुलगी आपल्याला ओळखता आली नव्हती हे त्यांना कळले आणि बहुतेक आई-वडिलांचे असेच असते. मागे उरलेल्या बापाची ही कबुली आणि हेझलची भीती समोरासमोर ठेवून पाहिली की, या प्रकरणाचा कादंबरीतील हेतू स्पष्ट होतो.

४

येथे थोडे स्वतःविषयी लिहिणे अपरिहार्य आहे. १९७९ साली माझी धाकटी बहीण पंधरा वर्षांची होती. तिला रक्ताचा कर्करोग झाला असल्याचे वडिलांना आणि मला डॉक्टरांनी सांगितले; आईला निम्मे सांगितले गेले आणि बहिणीला काहीच नाही. ‘रक्त कमी झाले आहे’ हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोलले गेले की, आम्हीही त्यावर विश्वास ठेवू लागलो. दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिने मला विचारले, “दादा, दहावीचा फॉर्म भरू ना?” मी म्हणालो, “भर की. त्यात विचारायचे काय?” वडील स्वतः शाळेत जाऊन फॉर्म देऊन आले. कितीतरी दिवसांनी त्या दिवशी ते घरी मोकळेपणाने बोलले. परीक्षेला ती बसली नाही. फेब्रुवारीत ती गेली.

त्या प्रश्नाचा अर्थ मी अनेक वर्षे असा लावत आलो की, तिला काही ठाऊक नव्हते, तिच्या मनात आशा होती आणि आपण ती मोडली नाही, हे बरेच केले. ‘कोसला’तील मनीचा भाग त्याच काळात वाचला आणि पांडुरंगाचा शोक मी माझा म्हणून घेतला. शोकाचा अधिकार माझा होता, याविषयी मला कधी शंका आली नाही.

हेझलचे निवेदन वाचताना प्रथमच ही शंका आली. कादंबरीच्या उत्तरार्धात एक प्रसंग आहे. हेझलची आई तिच्यापासून लपून समाजकार्याचा अभ्यासक्रम करीत असते. लपवण्याचे कारण असे की, आई आपल्याशिवायच्या जगाची तयारी करीत आहे, असे मुलीला वाटू नये. हे उघड होते तेव्हा हेझलला दुःख होत नाही. तिला हर्ष होतो. आई आई म्हणून उरेल, काही करीत राहील, एवढेच तर तिला हवे होते. आईने मुलीसाठी जे लपवले, तेच मुलीला सर्वांत अधिक हवे होते. हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. बहिणीने फॉर्मविषयी विचारले ते स्वतःसाठी नसावे, हे मला त्या क्षणी जाणवले. तिने आम्हाला एक काम दिले होते. वडिलांना शाळेत जाता यावे, मला ‘भर की’ म्हणता यावे, घरात एक संध्याकाळ बरी जावी, यासाठी तिने तो प्रश्न विचारला असेल. आम्ही तिला सांभाळत होतो. त्याच वेळी तीही आम्हाला सांभाळत होती. हे सिद्ध करण्यास माझ्यापाशी काही पुरावा नाही. कारण ते सांगण्याची जागाच आम्ही तिला दिली नव्हती. एखादी कलाकृती मोठी आहे की नाही हे ठरवण्याचे निकष अनेक असतील. जी कृती चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका वाक्याचा अर्थ बदलून टाकते, तिला उपेक्षिता येत नाही, एवढेच मी म्हणेन.

५

परंतु वैयक्तिक ऋण मान्य केल्यावर आक्षेप गिळून टाकावेत असे नाही. तीन आक्षेप मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला आक्षेप भाषेविषयीचा. हेझल आणि ऑगस्टस फार चतुर बोलतात. प्रत्येक वेदनेवर त्यांच्यापाशी तयार वाक्य असते आणि काही ठिकाणी हे संवाद सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे न राहता चाळिशीकडे झुकलेल्या, वाचलेल्या लेखकाचे वाटतात. तरी या चातुर्याला कादंबरीने स्वतःच एक उत्तर दिले आहे. ऑगस्टस ओठांत न पेटवलेली सिगारेट धरतो. मारणारी वस्तू दातांत ठेवावयाची, पण तिला मारण्याचे सामर्थ्य द्यावयाचे नाही, हे त्याचे रूपक. आजार बळावल्यानंतर एका रात्री सिगारेटचे पाकीट आपले आपण विकत आणावे, एवढ्यासाठी तो गाडी घेऊन पेट्रोलपंपावर जातो. पोटाला लावलेल्या नळीच्या जागी जंतुसंसर्ग झालेला, अंगावर ओकारी, उठण्याचे त्राण नाही, अशा अवस्थेत तो हेझलला सापडतो. रूपक तेथे संपते; उरते ते शरीर. सूझन सॉन्टॅग यांनी ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ (१९७८) या पुस्तकात आजाराला रूपकांतून सोडवण्याचा जो आग्रह धरला, त्याचे कथात्म रूप म्हणून हा प्रसंग पदव्युत्तर वर्गात अवश्य वाचावा. आपल्या वृत्तपत्रांतील ‘कर्करोगाशी झुंज अखेर अपयशी’ या ठरीव वाक्याचाही त्या निमित्ताने विचार व्हावा. झुंज म्हटले की हरणाऱ्याचे काहीतरी कमी पडले, असे त्यात गृहीत धरले जाते. माझी बहीण कोणाशी झुंजत नव्हती. ती आजारी होती.

दुसरा आक्षेप निवेदनाच्या अधिकाराविषयीचा आहे. हेझलचा प्रथमपुरुष एका निरोगी, प्रौढ पुरुषाने घडवलेला आहे. ग्रीन यांनी तरुणपणी ओहायो राज्यातील मुलांच्या रुग्णालयात धर्मोपदेशकाचे उमेदवारीचे काम केले होते आणि ही कादंबरी त्यांनी एस्थर अर्ल या मुलीला अर्पण केली आहे. थायरॉइडच्याच कर्करोगाने ती २०१० साली, सोळाव्या वर्षी वारली. तिच्या रोजनिशीतील नोंदी आणि पत्रे २०१४ साली स्वतंत्र पुस्तकरूपाने आली. मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. ज्याने सोसले त्यानेच लिहावे की परकायाप्रवेश करू शकणाऱ्या कोणीही, हा प्रश्न दलित साहित्याच्या चळवळीने आपल्यापुढे कितीतरी आधी आणि अधिक धारदारपणे ठेवला. त्या चर्चेतून आपण जे शिकलो ते येथेही लागू आहे : कल्पनेने घडवलेला आवाज खोटा नसतो, पण त्याने खऱ्या आवाजाची जागा अडवता कामा नये. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन या दृष्टीने पुन्हा वाचावे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर शरीराचा कमरेखालचा भाग निकामी झालेल्या मुलीने, पुढे अपंगांसाठी संस्था उभारल्यावर, स्वतः सांगितलेली ही हकीकत आहे. आपल्या अभ्यासमंडळांनी तिच्याकडे ‘प्रेरणादायी’ या एका शिक्क्यापलीकडे जाऊन निवेदनाच्या अंगाने फारसे पाहिलेले नाही.

तिसरा आक्षेप अर्थकारणाचा. या कादंबरीत पैसा जवळजवळ दिसत नाही. आजारी मुलांची इच्छा पुरवणाऱ्या एका संस्थेच्या खर्चाने ॲमस्टरडॅमची सफर घडते आणि उपचारांचा हिशेब बहुतांशी पडद्याआड राहतो. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाबाहेरील पदपथावर मुक्काम करणारी कुटुंबे किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसऱ्याला आलेले रुग्ण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही उणीव डाचल्यावाचून राहणार नाही. तेथील पंधरा वर्षांच्या मुलीला आपण आई-वडिलांच्या शोकाचेच नव्हे, तर त्यांच्या कर्जाचेही कारण आहोत, हे ठाऊक असते. हातबॉम्बची उपमा तिलाही सुचेल. मात्र त्या स्फोटात उद्ध्वस्त होणारे घर निराळे असेल. ती कादंबरी ग्रीन यांनी लिहावी अशी अपेक्षा करणे योग्य नाही. ती आपल्याकडे लिहिली जावी, ही अपेक्षा मात्र योग्य आहे.

या कादंबरीचे ‘दिल बेचारा’ हे हिंदी चित्ररूप २०२० च्या जुलै महिन्यात आले. त्यात कथा जमशेदपूरला आणि प्रवास पॅरिसला गेला; अर्ध्यावर तुटलेल्या कादंबरीच्या जागी अर्धवट राहिलेले गाणे आले. त्यातील नायकाची भूमिका करणाऱ्या सुशांतसिंह राजपूत यांचे प्रदर्शनाच्या महिनाभर आधी निधन झाले होते. त्यामुळे प्रेक्षकांनी तो चित्रपट एका निराळ्याच शोकाच्या छायेत पाहिला. रूपांतराची चिकित्सा हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच नोंदवावेसे वाटते की, अपुऱ्या गाण्याची हुरहूर लागते. अपुऱ्या निवेदनाप्रमाणे ते मागे उरणाऱ्या आईविषयी प्रश्न विचारू शकत नाही.

६

प्रथमपुरुषी निवेदकाला आपले मरण सांगता येत नाही, ही या प्रकारच्या लेखनाची मूलभूत अडचण आहे. ग्रीन यांनी तिच्यातून काढलेली वाट अशी की, आपण ज्या मुलीच्या मरणाची वाट पाहतो ती मरत नाही. तिच्याआधी ऑगस्टस मरतो आणि जिला हातबॉम्ब व्हावयाचे नव्हते तीच मागे उरणाऱ्यांत जाऊन बसते. आजाऱ्याचा प्रथमपुरुष अखेरीस शोक करणाऱ्याचा प्रथमपुरुष होतो. ही पळवाट आहे असे कोणी म्हणेल. मला मात्र त्यात एक न्याय दिसतो. आजारी मूल हे केवळ शोकाचा विषय नसते, त्यालाही शोक करता येतो, प्रेम करता येते, मागे उरता येते, हे त्यातून प्रस्थापित होते.

आपल्या वर्गांत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण स्वतः आजारी असतात, काहींच्या घरी आजारी भावंडे असतात. ‘कोसला’ शिकवताना मी मनीच्या प्रकरणावर तासच्या तास बोललो. निवेदकाच्या शोकशैलीविषयी बोललो, शोकातील तर्कभंगाविषयी बोललो. मनीला काय ठाऊक असेल, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. विद्यार्थ्याने विचारला असता तर संहितेत त्याला आधार नाही, असे सांगून मी तो बाजूला सारला असता. आज कोणी तो विचारला तर मी उत्तर देऊ शकणार नाही. परंतु प्रश्न फळ्यावर लिहून ठेवीन आणि तास संपेपर्यंत पुसणार नाही.